मारबतीची चित्रे, वऱ्हाडी कविता आणि स्वतःचे संकेतस्थळ

आपण केलेले काम स्वतःच्या संकेतस्थळावर कसे मांडावे, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे नागपूरचीच निघाली. अनेकांनी नाव न छापण्याची विनंती केली असल्यामुळे वस्तीचा तेवढा उल्लेख ठेवला आहे, आणि सारखेच प्रश्न असलेली पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षक असून महालात, चितार ओळीपासून जवळच राहतो. १९८४ पासून दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीने निघणारे काळी मारबत आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे आणि त्यांच्याबरोबर निघणारे लहान पुतळे, म्हणजे बडगे, यांची रेखाचित्रे मी काढत आलो आहे. अशी सुमारे चारशे चित्रे साठली आहेत. मुलगी म्हणते, "बाबा, इन्स्टाग्रामवर टाका, पाच मिनिटांचे काम आहे." मला वेबसाइट करावीशी वाटते, परंतु त्यासाठी एकाने सांगितलेला खर्च ऐकून मी गप्प बसलो. आपला सल्ला काय? (एक वाचक, महाल)

उत्तर : मुलीचे म्हणणे चुकीचे नाही. आज काढलेले चित्र संध्याकाळपर्यंत शंभर जणांनी पाहावे एवढाच हेतू असेल, तर इन्स्टाग्राम पुरेसे आहे. परंतु चाळीस वर्षांच्या चित्रांचा क्रम तिथे नीट लावता येत नाही. नवे वर आणि जुने खाली अशी एकच रांग असल्यामुळे १९९१ ची मारबत आणि २०११ ची मारबत शेजारी ठेवून पाहायची झाली, तर पाहणाऱ्याला अंगठा दुखेपर्यंत पडदा सरकवावा लागतो. शिवाय ती जागा दुसऱ्याची आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी आपापली घरगुती पाने केली होती. याहूने ती सेवा १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद करून टाकली. ऑर्कुट तर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि ज्यांनी आपले लेखन, छायाचित्रे वेळेवर उतरवून घेतली नव्हती त्यांचे ते गेले.

संकेतस्थळ म्हटले की त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या समजून घेतल्या की खर्चाची भीती बरीच कमी होते. पहिली गोष्ट पत्ता, म्हणजे डोमेन. तो विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतो, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतो. दुसरी गोष्ट जागा, म्हणजे आपली पाने ज्या संगणकावर ठेवली जातात तो. आणि तिसरी गोष्ट ती पाने. आपल्यासारख्या कामासाठी जागेला पैसे मोजण्याची गरजच नसते, कारण निओसिटीज किंवा गिटहब पेजेस यांसारख्या सेवा साध्या पानांसाठी एक जीबीपर्यंत जागा विनामूल्य देतात. एक चित्र तीनशे केबीचे धरले तर चारशे चित्रे मिळून एकशे वीस एमबी होतात. आणखी चाळीस वर्षे मारबती काढल्या तरी ती जागा भरणार नाही.

पत्त्याबाबत मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : तो स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवावा. माझ्या परिचयातील एका हस्तकला करणाऱ्या बाईंचे संकेतस्थळ एका होतकरू तरुणाने करून दिले आणि सोय म्हणून पत्ता स्वतःच्या खात्यावर घेतला. पुढे तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, त्याचा क्रमांक बदलला आणि नूतनीकरणाची सूचना कोणाला मिळालीच नाही. त्या पत्त्यावर आता भलतीच जाहिरात दिसते, आणि बाईंच्या छापील कार्डावर मात्र अजून तोच पत्ता आहे. देवनागरी पत्ता हवा असल्यास ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हा पर्यायही उपलब्ध आहे. तो दिसायला फार छान दिसतो, परंतु काही ठिकाणी त्याचे रूपांतर लॅटिन अक्षरांच्या चमत्कारिक साखळीत होऊन जाते, म्हणून सोबत एक साधा 'डॉट इन' पत्ता असलेला बरा.

पाने शक्य तितकी साधी ठेवावीत. सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेल्या पहिल्या संकेतस्थळाची जपून ठेवलेली १९९२ ची प्रत आजच्या मोबाइलवरही उघडते, याचे कारण ते निव्वळ एचटीएमएल, म्हणजे पाने लिहिण्याची साधी खूणभाषा, आहे. हलत्या पट्ट्या, आपोआप वाजणारे संगीत आणि उघडताच फुलणारी कमळे यांसाठीच आपल्याला तो मोठा खर्च सांगितला गेला असावा, असा माझा अंदाज आहे. पेन्सिलच्या रेषेला यांपैकी कशाचीही गरज नाही.

चित्रे स्कॅन करताना मूळ प्रत तीनशे डीपीआयवर (इंचाला तीनशे ठिपके) घ्यावी. ए-फोर कागद असल्यास ती साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलची होते. ही मोठी प्रत घरी दोन ठिकाणी ठेवावी आणि संकेतस्थळावर सोळाशे पिक्सेल रुंदीची लहान प्रत चढवावी. कागद स्कॅनरवर मावत नसेल तर सकाळी गच्चीच्या सावलीत छायाचित्र घ्यावे. आपल्याकडच्या मे महिन्यातील दुपारच्या उन्हात फोटो काढला, तर पिवळी मारबत पांढरी होऊन बसते.

आता ज्या गोष्टीबद्दल आपण विचारलेच नाही, तिच्याबद्दल लिहितो, कारण माझ्या मते खरे काम तेच आहे. मारबत दरवर्षी जवळपास तीच असते. बडगे मात्र त्या त्या वर्षीचे असतात. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, एखादे गाजलेले प्रकरण, एखादा पुढारी, असा त्या वर्षीचा राग कागदाच्या आणि बांबूच्या पुतळ्यात भरून, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्यांमध्ये तो मिरवला जातो आणि जाळला जातो. ज्यांनी ती मिरवणूक पाहिली त्यांना बडग्याच्या गळ्यातील पाटी एका क्षणात कळते. वीस वर्षांनी तेच चित्र पाहणाऱ्याला मात्र एक जाड मिशांचा माणूस आणि त्याच्या हातातील पिशवी एवढेच दिसेल. त्या पिशवीत कांदे होते आणि त्या वर्षी कांद्याने लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले होते, हे फक्त आपल्याला ठाऊक असेल. म्हणून प्रत्येक चित्राखाली वर्ष, गल्ली किंवा चौक, माध्यम, बडग्याचा विषय आणि पाटीवरील मजकूर जसाच्या तसा, एवढे लिहावेच. 'पिवळी मारबत, जागनाथ बुधवारी, २००३, पेन्सिल' अशा एका ओळीनेही चित्राचे मोल पुष्कळ वाढते. पुतळा बनवणाऱ्या कारागिराचे नाव माहीत असेल आणि त्याची हरकत नसेल, तर तेही द्यावे.

चारशे टिपणे एकदम लिहिण्याचा संकल्प केलात तर संकेतस्थळ कधीच होणार नाही. एका वर्षाची दहा चित्रे टिपणांसह चढवावीत आणि लोकांना पत्ता द्यावा. पाहणाऱ्यांपैकीच कोणीतरी सांगेल की ती गल्ली ती नव्हे, शेजारची आहे. अशी दुरुस्ती आली की टिपणात तारखेसह नोंदवावी.

प्रश्न : मी वऱ्हाडीत कविता लिहिते. १९९८ ते २००६ या काळातील सुमारे दीडशे कविता सीताबर्डीवरील एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या आणि त्या फाइली अजून माझ्याकडे आहेत. आता स्वतःच्या पानावर ठेवायला गेले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. सगळे पुन्हा टाइप करावे लागेल काय? आणि बोलीतील शब्दांचे प्रमाण मराठीत अर्थ द्यावेत काय? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : पुन्हा टाइप करावे लागणार नाही, परंतु प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागेल. त्या काळातील श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारखे फाँट इंग्रजी अक्षरांच्या खणांमध्ये देवनागरीचे आकार बसवून चालत असत. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'ई'च्या खणात 'म' होता. फाँट असेपर्यंत 'म' दिसे, फाँट नसलेल्या संगणकावर 'ई' दिसे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ते कोणत्याही उपकरणावर देवनागरीच राहते. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. फक्त आपली फाइल नेमक्या कोणत्या फाँटमध्ये आहे हे आधी शोधून त्याच फाँटचा परिवर्तक घ्यावा.

परिवर्तनानंतर तीन ठिकाणी हमखास चुका राहतात. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केली जात असे आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, म्हणून जोडाक्षरांवरील वेलांटी कधी कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचेही तसेच होते. तिसरी जागा आपल्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. 'दऱ्या', 'कैऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्धा र मराठीचा खास असून परिवर्तक त्याचा सरसकट रफार करून टाकतात. मग 'वऱ्हाडी' शब्दाच्या 'हा'वर रफार चढतो आणि बोलीचे नावच चुकते. युनिकोडमध्ये हा र 'ऱ' या नुक्ता असलेल्या अक्षराला हलन्त जोडून मिळतो. तेव्हा परिवर्तन झाल्यावर 'वऱ्हाड' हा शब्द शोधून पाहावा; तो बरोबर उतरला असेल तर परिवर्तक विश्वासाचा आहे असे समजावे.

आणखी एक बारीक गोष्ट. हिंदी आणि मराठी यांना युनिकोडमध्ये सामायिक क्रमांक आहेत, परंतु 'ल' आणि 'श' यांची वळणे दोन्हीकडे वेगळी आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण दिली, तर दोन्ही वळणे असलेले फाँट आपोआप मराठी वळण दाखवतात. 'टिरो देवनागरी मराठी' हा फाँट तर मराठी वळणासाठीच केलेला आहे. 'मुक्ता' हाही वाचायला सोपा आहे, आणि दोन्ही मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात.

अर्थांबाबत माझे मत स्पष्ट आहे. कवितेच्या अंगावर कंस आणि तारका नकोत. 'मले', 'तुले', 'कायले' यांचा अर्थ सांगायची वेळ यावी इतके पुणे-मुंबईचे वाचक दूरचे नाहीत. जे शब्द खरोखरच अडतील, म्हणजे शेतीतील अवजारांचे, स्वयंपाकातील भांड्यांचे किंवा नात्यांतील हाका मारण्याचे, त्यांचा खुलासा कवितेच्या खाली दोन ओळींत करावा. मोबाइलवर टाइप करताना कळफलक 'मले'चे 'मला' करू पाहतो, तेवढी सुधारणेची सोय मात्र बंद करून टाकावी. शक्य असल्यास प्रत्येक कवितेबरोबर आपल्या आवाजातील वाचनही ठेवावे, कारण 'जाऊन राहिला' मधील हेल कागदावर येत नाही आणि बोली ऐकून वाढलेल्या माणसाला तो हेलच आधी ओळखू येतो.

प्रश्न : आमच्या भजन मंडळाच्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेट आहेत. त्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आम्हीच गायलेली आहेत. ती मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवता येतील काय? भजनाला कसला आला कॉपीराइट, असे आमचे ज्येष्ठ सदस्य म्हणतात. (एक मंडळ, नंदनवन)

उत्तर : ज्येष्ठांचा भाव समजतो, परंतु १९५७ चा प्रताधिकार कायदा भजन आणि भावगीत यांत फरक करत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढील साठ वर्षे त्याच्या साहित्यावरील हक्क टिकतो. महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. मृत्यूनंतर प्रथम छापल्या गेलेल्या रचनांची साठ वर्षे त्या प्रकाशनापासून मोजली जातात. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातील गायनाला कायद्याने सूट दिलेली आहे, म्हणून आपण देवळात इतकी वर्षे निर्वेध गात आलात. जगाला कधीही ऐकता येईल असे ध्वनिमुद्रण चढवणे ही वेगळी गोष्ट झाली. ज्या पुस्तकातून भजने घेतली त्याच्या सुरुवातीच्या पानांवर हक्क कोणाचे ते छापलेले असते. त्यांना संकेतस्थळ विनामूल्य आहे हे सांगून, भजनांच्या यादीसह रीतसर पत्र लिहावे आणि लेखी उत्तर जपून ठेवावे. संत तुकारामांच्या अभंगांना ही अडचण नाही. मात्र एखाद्या आधुनिक संपादकाने लिहिलेला अर्थ किंवा अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली चाल यांना ती लागू होते.

हक्काची दुसरी बाजू मंडळाच्या आतच आहे. गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर पन्नास वर्षे हक्क असतो, तेव्हा कॅसेटमधील खंजिरीवाले आज मंडळात नसतील तर त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारावे. त्या निमित्ताने नावेही नक्की होतील. 'सहगायन : इतर सदस्य' अशी नोंद करू नये, ते इतर कोण होते, हे सांगू शकणारी माणसे आज आहेत.

परवानगी यायची तेव्हा येईल, कॅसेटचे काम मात्र आजच सुरू करावे, कारण फिती चिकटतात आणि बुरशी धरतात. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसून घ्यावे, फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवून सैल करावी, मग संगणकावर उतरवावी. मूळ प्रत वॅव्ह स्वरूपात ठेवल्यास मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात, तर एकशे अठ्ठावीस केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला एक एमबीच्या आसपास. पहिली घरी ठेवण्यासाठी, दुसरी संकेतस्थळासाठी.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी कागदाची खेळणी करते आणि तिला स्वतःचे पान हवे आहे. द्यावे काय? (एक पालक, धरमपेठ)

उत्तर : जरूर द्यावे, आणि घड्यांच्या पायऱ्या तिलाच लिहू द्याव्यात. पूर्ण नाव, शाळा, गणवेशातील फोटो आणि घराचा परिसर मात्र पानावर येऊ नये. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ते कुठे काढले त्याचे अक्षांश-रेखांश लपून बसलेले असू शकतात. म्हणून कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद ठेवावी आणि जुन्या फोटोंमधील ती माहिती चढवण्यापूर्वी काढून टाकावी. फसलेल्या खेळण्यांचेही फोटो तिला ठेवायचे असतील तर ठेवू द्या. बेडूक का उडी मारत नाही हे शोधणाऱ्या दुसऱ्या मुलाला तेच आधी लागतात.

प्रश्न : सहा महिने झाले, माझ्या संकेतस्थळावर कोणी फिरकत नाही. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : आपण पाठवलेला पत्ता उघडून पाहिला. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'स्वागत आहे' असे लिहिले आहे, परंतु आपण लाकडावर कोरीव काम करता हे तिसऱ्या पानावर गेल्याशिवाय कळत नाही. पहिल्याच पानावर एक काम आणि त्याबद्दल चार ओळी ठेवाव्यात. प्रदर्शनात वस्तूजवळ तिच्याच पानाचा क्यूआर कोड लावावा, मुखपृष्ठाचा नव्हे.

प्रश्न : माझे वडील मराठी शब्दकोडी रचत असत. २००८ मध्ये त्यांनी स्वतः खटपट करून त्यांचे संकेतस्थळ केले होते. यंदा ते गेले. संकेतस्थळाची मुदत मागील महिन्यात संपली, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही आणि कोडी तर आधीपासूनच उघडत नव्हती. काही वाचवता येईल काय? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. वेळ थोडा आहे, म्हणून आधी पत्त्याचे पाहावे. डॉट कॉमसारख्या पत्त्यांना मुदत संपल्यावर नूतनीकरणाची काही दिवसांची सवलत आणि त्यानंतर पत्ता परत मिळवण्याचा तीस दिवसांचा अवधी असतो. या दुसऱ्या टप्प्यात शुल्क बरेच जास्त पडते. वडिलांच्या ईमेलमध्ये 'नूतनीकरण' अशा अर्थाची इंग्रजी सूचना शोधावी. ज्या कंपनीकडून ती आली असेल तिला मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडून आजच लिहावे. ईमेल उघडत नसेल तर बँकेच्या पासबुकात दरवर्षी त्याच सुमारास गेलेली रक्कम कंपनीचे नाव सांगेल. कोड्यांवरील हक्क वारसांकडेच येतो, तेव्हा ती पुन्हा मांडण्याचा आपला अधिकार निर्विवाद आहे.

पत्ता हातचा गेला तरी पाने गेलीच असे नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जुना पत्ता टाकून पाहावा. वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती तिथे साठवलेल्या असण्याची शक्यता चांगली आहे. सापडलेले प्रत्येक पान लगेच आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे.

कोडी उघडत नव्हती याचे कारण बहुधा फ्लॅश, म्हणजे पानावर हलती चित्रे आणि खेळ चालवणारे अडोबी कंपनीचे जुने तंत्र, असावे. २००८ च्या सुमारास पडद्यावरच चौकोन भरता येतील अशी कोडी पुष्कळ जण त्यात करत, आणि अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतल्यावर ती सगळी एका फटक्यात मुकी झाली. फाइल सापडली तर 'रफल' नावाच्या विनामूल्य साधनाने ती पुष्कळदा चालते. चाललेल्या कोड्याची सूत्रे आणि चौकट वहीत उतरवून घ्यावी आणि नव्या पानावर साध्या तक्त्याच्या रूपात ठेवावी. छापून पेन्सिलने सोडवता येईल अशी एक प्रतही द्यावी. वडिलांच्या कपाटात चौकटी आखलेल्या वह्या असतीलच. एखाद्या सूत्राचे उत्तर सापडत नसेल तर ती जागा रिकामीच ठेवून तसे लिहावे. सोडवणारे वाचक ते शोधून आपल्याला कळवतील.